रोजची गाडी, ट्रॅकची हौस – भाग ५ : आधी शॉक, मग स्प्रिंग

खंबाटकी, सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळूर करत राष्ट्रीय महामार्ग ४८ पुण्याहून थेट चेन्नईला जातो आणि शहराच्या थोडं अलीकडे, इरुंगट्टुकोट्टईला, याच रस्त्यालगत मद्रास सर्किट आहे. १९९० पासूनचा, ३.७ किलोमीटरचा ट्रॅक. पुण्यातले बरेच हौशी तिथं गाडी ट्रेलरवर टाकून नेत नाहीत, चालवत नेतात. जायला अकराशेहून अधिक किलोमीटर, यायला तेवढेच, आणि सोमवारी त्याच गाडीतून ऑफिस. सस्पेन्शन निवडताना हा सगळा प्रवास हिशेबात धरायचा.

मागच्या भागात टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल झालं. ते उरकलं नसेल तर आज सांगतोय त्यातलं काहीही विकत घेऊ नका. उदाहरणाला चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगन पोलो घेऊ. २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी ट्रॅक डेला ती अजून हमखास दिसते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे टॉर्शन बीम. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकची मांडणी हीच असल्यानं इतरांनाही हे लागू पडेल.

बहुतेकांची पहिली खरेदी असते ती लोअरिंग स्प्रिंगची. स्वस्त असतात, गाडी चाळीसेक मिलिमीटर खाली बसते, फोटोत छान दिसते. माझ्या मते हाच पैसा सर्वात वाया जातो. का, ते आकड्यांत पाहू.

पोलोच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर सुमारे दीड मीटर. वळणावर गाडी ३ अंश कलली की बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन जवळपास ४० मिलिमीटर दबतं. त्यात ब्रेक मारत वळणात शिरलात तर नाक आणखी खाली जातं. आता समजा, मूळ गाडीत चाकाला वर यायला ७० मिलिमीटर जागा होती. गाडी ४० नं खाली घेतली की उरले ३०. म्हणजे ऐन वळणात, सगळा भार बाहेरच्या पुढच्या टायरवर असताना, शॉक बंपस्टॉपवर जाऊन टेकणार. टेकताक्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम वाढतो, टायरवर भाराचा धक्का बसतो, पकड सुटते आणि गाडी सरळ बाहेर जाऊ लागते. स्टीअरिंग कितीही फिरवा, उपयोग नाही. ड्रायव्हरला वाटतं टायर कमी पडले. खरं तर शॉकला दबायला जागाच उरली नव्हती.

दुसरी गोष्ट वाकून गाडीखाली पाहिल्याशिवाय कळत नाही. मूळ उंचीवर लोअर आर्म साधारण आडवा किंवा चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी फार खाली घेतली की तोच आर्म चाकाकडे चढता दिसू लागतो. मॅकफर्सनमध्ये यामुळे रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगानं खाली घसरतं, दोघांतलं अंतर वाढतं आणि तेवढ्याच कडक स्प्रिंगवर गाडी आधीपेक्षा जास्त कलायला पाहते. शिवाय चाक वर येताना मिळणारा निगेटिव्ह कँबर, म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूचा आतला कल, जातो. बुद्ध सर्किटसारख्या घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त पडतात. दिवसाच्या शेवटी तिथं डाव्या पुढच्या टायरची बाहेरची कड पाहा. रबर सोलून त्याच्या गुठळ्या झालेल्या असतात आणि आतली नक्षी जवळपास नवी असते.

आता स्प्रिंगचा कडकपणा. एका पुढच्या चाकावर ३०० किलो भार आणि चाकापाशी २५ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा धरला, तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४५ वेळा डोलतो. घरच्या गाडीला हे ठीक. ४० चा कडकपणा धरला तर १.८५, आणि ६० ला २.२५. दोनच्या पुढे गेलात की कात्रजचा तुटका सर्व्हिस रोड पाठीला कळतो आणि खडबडीत डांबरावर टायर जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उडू लागतो. रोजच्या गाडीनं १.८ च्या आसपास थांबावं. २५ वरून ४० वर जाताना शॉकचा विरोधही सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो, कारण त्याची गरज कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. जुने शॉक तसेच ठेवून कडक स्प्रिंग टाकली की गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोन-तीन वेळा उसळते ती यामुळेच.

म्हणून पहिला खर्च शॉकवर करा. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. ती किती लवकर आणि किती वेळा हलेल, हे शॉक ठरवतो. हालचालीची सगळी ऊर्जा तो तेलात उष्णता म्हणून जिरवतो. ट्रॅकवर पंधरा-वीस मिनिटं सलग रेटल्यावर साध्या शॉकमधलं तेल तापून पातळ होतं, त्यात फेस येतो आणि सत्राच्या शेवटी गाडी वेगळीच वागू लागते. मूळ स्प्रिंगवर चालणारे चांगले शॉक मिळतात: बिलस्टाइनची बी६ मालिका मूळ उंचीसाठी आणि बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी असते. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये रिबाउंड कमीजास्त करता येतो, तो महामार्गाला सैल आणि ट्रॅकवर घट्ट ठेवता येतो. नुसते एवढे बदलूनही गाडी इतकी शांत होते की पुष्कळ जण तिथंच थांबतात, आणि ते योग्यच आहे.

त्यानंतर पुढे दीड अंशाच्या आसपास निगेटिव्ह कँबर. काही गाड्यांत कँबर बोल्ट कमी खर्चात तेवढं काम करतात. टो मात्र शून्याजवळ ठेवा, लांबच्या प्रवासात टायर खातो तो टो. मग हवीच असेल तर थोडी कडक स्प्रिंग, उंची फार तर १५ ते २० मिलिमीटर कमी. मागचा अँटी-रोल बार जाड केला तर पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी वळणात छान फिरते, पण पावसाळ्यात घाटात तीच मागून सुटू शकते. आपल्या पावसात मी तो शेवटी ठेवीन.

कॉइलओव्हर घेणारच असाल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: उंची स्प्रिंगची बैठक फिरवून बदलते की शॉकच्या बुडाचा आटा फिरवून? बैठक खाली आणली की शॉकची दबण्याची जागा कमी होते. बुडाचा आटा फिरवला तर ती शाबूत राहते. स्वस्त किटमध्ये बहुधा पहिलाच प्रकार असतो.

विम्याची पॉलिसीही काढून वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यती आणि वेगचाचणी वगळलेली असते.

आणि फिटिंगच्या वेळी गॅरेजमध्ये स्वतः उभे राहा. लोअर आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना शेवटचे आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन बसल्यावरच आवळायचे, नाहीतर बुशमधलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. अलाइनमेंट त्यानंतर, ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन ठेवून.

पुढच्या आठवड्यात : बुश, रबराचे की पॉलियुरेथेनचे?