आज काय झालं?

मुलांनो, एका प्रश्नाचं अगदी खरं उत्तर द्या पाहू. तुमच्या कपाटात अर्धवट राहिलेल्या वस्तू किती? आठ पानांनंतर कोरी राहिलेली तिकिटांची वही, एकच पंख लावलेलं पुठ्ठ्याचं विमान, चार बोटं विणून सोडलेला मफलर... लाजू नका, तुमच्या या बाईंच्या कपाटातही आहेत! सुरुवातीला आपण जेवणखाण विसरून कामाला लागतो. मग महिन्याभरात तो उत्साह जातो कुठे?

याचं उत्तर मला एका ट्रकने दिलं.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, ट्रक चालवायचे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. कोल्हापूरचा गूळ भरायचा, आंबा घाट उतरायचा आणि रत्नागिरीला पोचवायचा, हे त्यांचं काम. ट्रक होता १९६२ सालचा टाटा-मर्सिडीज. पुढे लांबलचक नाकासारखं बॉनेट आणि त्यावर तीन टोकांची चांदणी. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली होती. तो करार १९६९ साली संपला. चांदणीवाला टाटाचा ट्रक दिसला, तर तो त्या पंधरा वर्षांतला समजायचा!

आबा थकले आणि ट्रक गोठ्यामागे चिंचेखाली उभा राहिला, तो जवळजवळ तीस वर्षं. हौद्याच्या फळ्या कुजल्या. केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालू लागल्या. २०१४ साली मामाने ठरवलं, हा ट्रक पुन्हा चालू करायचा आणि आबांना शेजारी बसवून गावच्या देवळापर्यंत न्यायचं. आबा तेव्हा ७८ वर्षांचे होते.

"दोन वर्षांत उरकतो बघ," मामा मला म्हणाला.

पहिल्या तीन महिन्यांत त्याने सगळा ट्रक खोलला. दिवे, दरवाजे, गिअरबॉक्स, डिझेलचा पंप, सगळं सुटं. गोठ्यात भागांचा ढीग लागला. कुठला नट कुठला, हेच कळेना. रोज तो ढीग बघायचा आणि मान खाली घालून परत फिरायचा. मामी विचारायची, "कधी संपणार हो हे?" शेजारी विचारायचे, "कधी संपणार?" हळूहळू मामाने गोठ्याकडे जाणंच सोडलं. वर्ष असंच गेलं.

फक्त आबांचा प्रश्न वेगळा होता. बाजेवर पडल्या पडल्या ते रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय झालं रं?"

या प्रश्नाला काय उत्तर देणार? एका रविवारी मामाला अगदी लाज वाटली. आबांना सांगायला काहीतरी हवं, म्हणून त्याने ढिगातून पितळेचा भोंगा शोधला. चिंच लावून घासला, आतली पत्ती साफ केली, नवा रबरी फुगा बसवला आणि भोंगा आबांच्या हातात दिला. आबांनी दाबला. पों! गोठ्यातल्या म्हशी दचकल्या आणि आबा लहान मुलासारखे हसले.

त्या दिवसापासून मामाने पद्धत बदलली. सगळा ट्रक डोळ्यांसमोर आणायचाच नाही. एका रविवारी एकच काम. सुटे भाग बिस्किटांच्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. घरी जाण्यापूर्वी पुढच्या रविवारची हत्यारं काढून ठेवायची, म्हणजे "आज काय करू?" यात सकाळ जात नाही. आणि संध्याकाळी आबांना सांगून ते वहीत लिहायचं. मी सुट्टीत गेले की लिहिण्याचं काम माझं.

सर्वांत अवघड होतं इंजिन. सहा सिलिंडरचं ते डिझेल इंजिन जाम झालं होतं. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतात, पण आत पाणी जाऊन ते गंजाने चिकटून बसले होते. जोर लावला तर मोडतोड होणार. म्हणून मामाने प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि दर रविवारी लांब पहारीने इंजिन फिरवून बघायला लागला. वहीत लागोपाठ सहा रविवार एकच ओळ आहे, 'हललं नाही'. सातव्या रविवारी लिहिलंय, 'दोन बोटं हललं!'

आता सांगा, ते सहा रविवार वाया गेले का? नाही ना! तेल आतल्या आत मुरत होतं. आपल्याला दिसत नव्हतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, असं थोडं थोडं करून खरंच मोठं काम पुरं होतं का? इंग्लंडमध्ये झालंय. तिथे १९४८-४९ साली एका जातीची ४९ वाफेची रेल्वे इंजिनं बनली होती. पुढे सगळी भंगारात गेली, एकही उरलं नाही. १९९० साली काही लोकांनी तसंच इंजिन नव्याने बांधायचं ठरवलं. पैसे कुठून आणायचे? सभासदांनी आठवड्याला सव्वा पौंड द्यायचा, असं ठरलं. एकेक भाग बनत गेला आणि २००८ साली 'टोर्नेडो' नावाचं ते इंजिन स्वतःच्या वाफेवर धावलं. तब्बल अठरा वर्षांनी! २०१७ साली चाचणीत त्याने ताशी १०० मैलांचा वेग गाठला.

आमच्या ट्रकचं मात्र थोडं वेगळं झालं. २०१९च्या पावसाळ्यात आबा गेले. त्यांनी भोंगा ऐकला, इंजिनाचा आवाज नाही ऐकला. मामाने गोठ्याला कुलूप लावलं. "ज्यांच्यासाठी करत होतो, तेच राहिले नाहीत," म्हणाला. आठ महिने कुलूप निघालं नाही. आम्हीही काही बोललो नाही. काही वेळा थांबावं लागतं, मुलांनो. तो आळस नसतो.

मग एका सुट्टीत मी ती वही चाळत होते. शेवटच्या पानावर आबांनी मला सांगून लिहून घेतलेलं होतं: '१-५-३-६-२-४'. सहा सिलिंडर ज्या क्रमाने पेट घेतात, तो क्रम. त्याखाली, 'डिझेलच्या नळीत हवा राहिली तर इंजिन चालू होणार नाही. हवा काढताना घाई करायची नाही.' ते पान मी मामापुढे ठेवलं. तो बराच वेळ बघत बसला. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी कुलूप निघालं.

२०२१च्या दिवाळीत इंजिन सुरू झालं. आधी काळा धूर, मग खोकल्यासारखा आवाज, मग एकसारखी धडधड. मामी बाहेर आली, डोळे पुसले आणि मामाला म्हणाली, "आज काय झालं?"

ट्रक अजून पुरा झालेला नाही, बरं का! ब्रेक झाले, स्प्रिंगचे पाटे बसले. हौदा आणि रंग बाकी आहे. पण आता "कधी संपणार?" असं आमच्या घरात कुणी विचारत नाही.

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल एखादं लांबलचक काम करत असेल, तर "कधी संपणार?" विचारू नका. "आज काय झालं?" विचारा. आणि उत्तर 'हललं नाही' असलं, तरी तेही नीट ऐकून घ्या.

मुलांनो, तुम्ही आज एवढंच करा. कपाटातली एक अर्धवट वस्तू बाहेर काढा. ती आज पुरी करायची नाही. विमानाला दुसरा पंख लावा, नाहीतर मफलर एक बोट विणा. मग वहीत तारीख टाका आणि लिहा, आज काय झालं?