खात्रीचें कॉलेज

बारावीचा निकाल लागला, कीं ज्या घरांत शास्त्रशाखेचा विद्यार्थी असेल त्या घरांत आठ-पंधरा दिवस दुसरा विषयच नसतो. आजोबांस नातू इंजिनियर व्हावा असें वाटतें, आत्याबाईंस सासरकडील डॉक्टर आठवतो, आणि काका वर्तमानपत्रांतील कात्रणें काढून ठेवतात. या साऱ्या चर्चेंत एक प्रश्न मात्र क्वचितच निघतो : योजलेलें कांहींच साधलें नाहीं तर मुलानें जावें कोठें? हा प्रश्न अशुभ समजून टाळण्याचा नव्हे. तो सर्वांत आधीं सोडवावयाचा आहे.

भंडारा जिल्ह्यापुरतेंच पाहूं. २०२४ सालीं भंडाऱ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. आतां घरचेंच दार उघडलें, असें पालकांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु तेथील १०० जागा जिल्ह्यांतील मुलांसाठीं राखलेल्या नाहींत. त्या राज्याच्या व देशाच्या गुणानुक्रमानें भरतात, आणि त्याच वर्षीं 'नीट' परीक्षेस देशभरांतून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय संस्थेंत निम्म्या जागा महाराष्ट्रासाठीं असल्या, तरी त्यांवर मुंबई-पुण्याच्या मुलांचाही तितकाच हक्क आहे. मुलगा हुशार असणें निराळें आणि प्रवेश निश्चित असणें निराळें.

अभियांत्रिकीच्या राज्यस्तरीय प्रवेशप्रक्रियेंत कॉलेजांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें भरावयाचीं असतात. येथें पुष्कळांचा एक गैरसमज आढळतो. अवघड कॉलेज वर लिहिलें तर सोपें हातचें जाईल, अशी त्यांस भीति वाटते. तसें होत नाहीं. यादी वरून खालीं तपासली जाते, व गुणानुक्रमांत बसणारें पहिलें कॉलेज पदरांत पडतें. मात्र पहिल्याच पसंतीचें कॉलेज मिळाल्यास पुढील फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून क्रम खऱ्या आवडीचाच असावा. महत्त्वाकांक्षा वर असावी, आणि तळाशीं खात्रीचें नांव असावेंच. नुसत्या नामांकित संस्थांनीं यादी भरणें म्हणजे दोर न बांधतां विहिरींत उतरणें होय. मग प्रवेश संपत आले, कीं "एक वर्ष थांबूं" असें म्हणण्याची पाळी येते, आणि तें वर्ष मुलाच्या मनावर जड जातें.

खात्रीचें कॉलेज ओळखावें कसें? मागील दोन-तीन वर्षीं तेथील प्रवेश कोणत्या गुणांवर थांबले तें पाहावें, व आपले गुण त्याहून स्पष्टपणें अधिक असावेत. ज्यास शुद्ध शास्त्राची आवड आहे, त्यास बी. एस्सी.साठीं भंडाऱ्याचें जे. एम. पटेल कॉलेज जवळ आहे. नागपुरास १८८३ सालचें हिस्लॉप कॉलेज आणि १९०६ पासूनची परंपरा असलेली शासकीय विज्ञान संस्था आहे. कोठेंही झालें तरी स्वतः जाऊन चौकशी करावी. आवडीचा विषय शेवटच्या वर्षापर्यंत शिकवितात काय? अध्यापकांच्या जागा भरलेल्या आहेत काय? प्रयोगशाळेंत मुलांच्या हातीं उपकरण येतें काय?

खर्चाचा हिशेबही आधींच मांडावा. भंडारा ते नागपूर अंतर सुमारें ६० किलोमीटर. लाखांदुराहून तें त्याहून पुष्कळ अधिक. रोजची ये-जा कीं वसतिगृह, हें ठरल्यावांचून कोणतेंच कॉलेज खात्रीचें नव्हे. प्रवेश घेऊन तो पुढें सोडावा लागला तरी सारें शुल्क बुडतें असेंही नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमानुसार, जाहीर झालेल्या अंतिम तारखेच्या १५ दिवस वा अधिक आधीं प्रवेश रद्द केल्यास शुल्क अल्प वजावट करून परत मिळतें, आणि मूळ प्रमाणपत्रें अडकवून ठेवण्याचा संस्थेस अधिकार नाहीं.

येथें घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति करावीशी वाटते. मुलाच्या बाबतींत 'खात्रीचें' म्हणजे प्रवेश हमखास मिळेल तें, आणि मुलीच्या बाबतींत 'खात्रीचें' म्हणजे घरापासून जवळ असेल तें, असा भेद पुष्कळ घरांतून नकळत होतो. मग मुलीच्या यादींत वरचीं नांवें उरतच नाहींत. तिलाही दोन्ही टोकें असलेली यादी करूं द्यावी.

खात्रीच्या कॉलेजांत जाणें म्हणजे पराभव नव्हे. बी. एस्सी.नंतर 'जॅम' परीक्षा देऊन आय. आय. टी.मध्यें एम. एस्सी. करतां येतें, पहिली पदवी कोणत्या गांवची, हें तेथें आड येत नाहीं. 'परम' महासंगणकाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर यांनीं १९६५ सालीं नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजांतून पदवी घेतली, तेव्हां त्या कॉलेजास अवघीं पांच वर्षें झालीं होतीं. पुढें बडोद्यास शिकून त्यांनीं १९७२ सालीं दिल्लीच्या आय. आय. टी.तून पीएच्. डी. मिळविली.

तेव्हां यादी तळापासून लिहावयास घ्यावी. जेथें मुलगा किंवा मुलगी खालमानेनें नव्हे, तर खुशीनें जाईल, असें एक नांव सर्वानुमतें ठरलें, कीं वरचीं नांवें कितीही उंच असोत. निकालाच्या दिवशीं घरांत कोणाचें जेवण सुटणार नाहीं.