फकिराचा न्याय
निगडी येथे लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक फकिरा इंग्रजी अमदानीत उपाशी गरिबांचे प्राण वाचविण्यासाठी धान्य लुटतो. लूट हा गुन्हाच. मग वाचकांस तो थोर का वाटतो? तो स्वतःच्या सुखासाठी लुटीत नाही आणि आपल्यापायी निरपराध माणसे पकडली जाताच सरकारच्या स्वाधीन होतो. तरीही त्याच्या कृतीचे अनुकरण उचित नव्हे. त्या परक्या राज्यात गरिबाला दाद मिळत नसे. आज न्यायालयाचे दार सर्वांस उघडे आहे. शिवाय फिर्यादीच न्यायाधीश झाला, तर निरपराध्यासही शिक्षा होईल. फकिराची करुणा अंगी बाणवावी. त्याची तलवार कादंबरीतच शोभते.