धाक बॅटरीचा, दुर्लक्ष वायरिंगकडे

भिवंडीत ई-स्कूटर घरी आली की शेजारीपाजारी आधी बॅटरीची चौकशी करतात. प्लगमागची वायर किती जुनी, हे सहसा कोणी विचारत नाही. धोका मात्र बऱ्याचदा तिथेच असतो.

गैरसमज: गाडीसाठी वेगळे मीटर लागतेच.
वस्तुस्थिती: घरच्या मीटरवर चार्जिंग करता येते. स्कूटरचा चार्जर साधारण 500 ते 1000 वॅट घेतो, म्हणजे जवळपास एका लूमच्या मोटारीएवढा. कारचा 15 अँपिअरचा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास जातो. त्यामुळे कार घेताना बिलावरचा मंजूर भार पाहावा आणि कमी असल्यास टोरेंट पॉवरकडे वाढवून मागावा. 2007पासून महावितरणच्या वतीने इथले वीजवितरण तीच कंपनी सांभाळते.

गैरसमज: घराखालच्या लूमच्या मीटरवर गाडी लावली की स्वस्त पडते.
वस्तुस्थिती: यंत्रमागाचा सवलतीचा दर मागासाठीच आहे. मंजूर कारणाखेरीज वापर झाल्यास वीज कायदा 2003च्या कलम 126नुसार दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. तीन युनिटांची बॅटरी भरायला साडेतीनेक युनिट लागतात. युनिटला दहा रुपये धरले तरी खर्च पस्तीस रुपये. एवढ्यासाठी ही जोखीम कशाला?

गैरसमज: रात्रभर प्लग राहिला की बॅटरी फुगते.
वस्तुस्थिती: लिथियम बॅटरीतली नियंत्रण यंत्रणा ती भरताच प्रवाह थांबवते. मात्र गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा आणि तापलेली बॅटरी निवल्यावर लावावी. रोज 80 टक्के भरायची की 100, हे बॅटरीच्या प्रकारावर ठरते. कंपनीची पुस्तिका पाहावी.

गैरसमज: एक्स्टेंशन बोर्डाने काम भागते.
वस्तुस्थिती: इस्त्री थोडा वेळ चालते, चार्जर तासन् तास. सैल सॉकेट आणि बारीक वायर तेवढ्या वेळात तापून वितळू शकतात. भिंतीतला 16 अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. काढता येणारी बॅटरी घरात आणलीत तर दाराच्या वाटेत किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका.

गैरसमज: बॅटरी आयपी 67 आहे, पुराचे पाणी लागले तरी चालते.
वस्तुस्थिती: आयपी 67ची चाचणी एक मीटर खोल स्वच्छ पाण्यात अर्ध्या तासाची असते. कामवारी नदीला पूर येऊन गाडी गढूळ पाण्यात बुडाली, तर सर्व्हिस सेंटरने तपासल्याशिवाय प्लग लावू नका. भिजलेल्या सॉकेटलाही वायरमनने पाहिल्याशिवाय हात लावू नका.