दख्खनी मेंढी : संकर कशासाठी आणि किती?

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पठारापासून उत्तर कर्नाटक व तेलंगणापर्यंत दख्खनी मेंढी पाळली जाते. बहुधा काळी, काटक व भरड लोकरीची ही मेंढी रोज मैलोगणती चालते आणि वेताला साधारणतः एकच कोकरू देते. पावसाळा सरला की मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्यामागे निघतात. काही कोकणात उतरतात. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो व लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा रोख रक्कम देतो. संकराचा विचार या फिरत्या संसाराला धरूनच करावयास हवा.

पूर्वीच्या योजनांत हे भान पुरेसे राहिले नाही. मेरिनो, रॅम्बुले या परदेशी जातींचे मेंढे वापरून लोकर मऊ करावी, असा हेतू होता. परंतु घोंगडीला भरड लोकरच लागते, आणि संकरित जनावरास लागणारी निगा वाटचालीत मिळणे कठीण. शिवाय मेंढपाळाचा प्रपंच मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर चालतो, लोकरीवर नव्हे.

सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने म्हणूनच निराळी वाट धरली. सुंदरबनातील गारोल मेंढी वजनाने अवघी १० ते १४ किलोंची, पण जुळी-तिळी देणारी. या गुणामागे ‘फेक-बी’ हे जनुकाचे एक विशिष्ट रूप आहे. त्याची नेमकी ओळख २००१ साली पटली. अर्धे गारोल रक्त असलेले जनावर मात्र खुजे निपजते. तेव्हा संकरित संततीचा दख्खनीशी पुनःपुन्हा संयोग करावा लागतो. गारोल अंश १/२, १/४, १/८ असा घटत जातो आणि प्रत्येक पिढीत रक्त तपासून जनुक असलेलीच जनावरे पुढे राखली जातात. अशा निवडीतून ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली.

मेंढा विकत घेताना एक प्रश्न अवश्य विचारावा : त्याच्यात या जनुकाची एक प्रत आहे की दोन? एक असल्यास सरासरीने निम्म्या मुलींतच गुण उतरतो. दोन असल्यास प्रत्येक मुलीत एक प्रत येतेच. पुढच्या पिढीसाठी घरचाच मेंढा राखताना आणखी एक चूक घडते. कळपातील सर्वांत थोराड कोकरू निवडले जाते, आणि ते बहुधा एकुलते असते! जुळ्यांतील कोकरू जन्मतः हलके असल्याने मागे पडते व विकले जाते. हवा असलेला गुण असा आपल्याच हातांनी कळपाबाहेर जातो. त्याच मेंढ्याकडून त्याच्याच मुली फळू दिल्यास कळपाची जोम घटते, ते वेगळेच.

जुळी झाली म्हणजे उत्पन्न दुप्पट झाले, असेही नव्हे. एका आईचे दूध दोघांना पुरत नाही आणि चालत्या कळपात अशक्त कोकरू प्रथम दगावते. विण्यापूर्वीच्या दीड महिन्यात मेंढीला थोडा खुराक द्यावा, जन्मतःच दोन्ही कोकरांना चीक पाजावा, आणि पहिले काही दिवस त्यांना आईसह वाड्यावरच ठेवावे. ज्याला एवढे जमणार नाही, त्याने तूर्त एका कोकराचीच मेंढी पाळलेली बरी.