छपरासाठी दिलेले दान

सांगलीचे गणपती मंदिर श्रीमंत अप्पासाहेब पटवर्धनांनी उभारले. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर चाफळचे राममंदिर मफतलाल घराण्याच्या औदार्याने पुनश्च उभे राहिले. राजाश्रय अथवा धनिकाश्रय, ही जीर्णोद्धाराची आपल्या परिचयाची वाट. शेजारच्या कॅथलिक बांधवांची रीत मात्र भाविकांनी मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे.

महाबळेश्वरचे होली क्रॉस चर्च १८३१ चे. तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथील छपराची चिंता काय वर्णावी! सातारा व सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी, नित्याच्या मर्यादेबाहेरील व्यवहारास बिशपांची लेखी अनुज्ञा घ्यावी, असा त्यांचा दंडक आहे. रविवारच्या उपासनेत भाविक यथाशक्ति अर्पण करतात. त्याखेरीज विशिष्ट कार्यासाठी कोणी द्रव्य दिले, तर ते त्याच कार्यास लागले पाहिजे, असे १९८३ ची त्यांची धर्मसंहिता बजावते. छपराचा पैसा रोषणाईकडे वळविता येत नाही.

आपण यालाच संकल्प म्हणतो. ढासळलेले देवालय सावरणाऱ्यासही पूर्तधर्माचे फळ लिखितस्मृतीने सांगितले आहे. तरीही नव्या कळसाला दहा दाते पुढे येतात आणि गळक्या पन्हळीला एकही मिळत नाही, हे या कीर्तनकाराने अनेक गावी पाहिले आहे.

१९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा मंदिरास व चर्चला सारखाच लागू आहे. हिशेब ठेवणे व तपासून घेणे दोघांनाही बंधनकारक. तेव्हा येत्या उत्सवात देणगी देताना पावतीवर ‘जीर्णोद्धारार्थ’ एवढे अवश्य लिहवून घ्यावे.