घर मिळाले, आता धीर हवा

मूल दत्तक घ्यायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दुपट्यात गुंडाळलेले तान्हे बाळ येते. पण बालगृहांत पाच, सात, दहा वर्षांची मुलेही घराची वाट पाहत असतात. त्यांना आपलेसे करणारी कुटुंबे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्हाला भेटतात. त्यांच्या तक्रारी बऱ्याचदा सारख्याच असतात. मूल जेवताना पोळी खिशात लपवते. रात्री दचकून उठते. सात वर्षांचे असूनही अंथरूण ओले करते. शेजारच्या काकूंच्या गळ्यात पडते, पण आईने जवळ घेतले की अंग चोरते. मग हळू आवाजात प्रश्न येतो, ‘डॉक्टर, आम्ही कमी पडतोय, की मुलातच काही दोष आहे?’

बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. या मुलाने आधी कोणाला तरी गमावलेले असते, काहींनी एकापेक्षा जास्त वेळा. जन्मदात्री आई, मग संस्थेतल्या मावशी, मग शेजारच्या पलंगावरचा मित्र. भूक, मार किंवा दुर्लक्ष वाट्याला आले असेल, तर शरीर सतत सावध राहायला शिकते. धोक्याच्या वेळी स्रवणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके अशा मुलांत नेहमीच्या लयीत राहत नाहीत. म्हणून भांडे पडल्याचा आवाजही त्याला धोक्याचा वाटतो. खिशातली पोळी ही चोरी नव्हे, उद्याची तरतूद आहे. घर बदलले हे मुलाच्या मनाला कळते, शरीराला पटायला वेळ लागतो.

घर मिळाल्याने फरक पडतो, याचा भक्कम पुरावा रोमानियातून आला. बुखारेस्टमधल्या अनाथालयांतील १३६ बालकांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवले गेले, उरलेली नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, कुटुंबात गेलेल्यांची बौद्धिक वाढ अधिक चांगली झाली आणि जी लवकर गेली त्यांना जास्त लाभ झाला. ही बालके अडीच वर्षांच्या आतली होती आणि तिथल्या संस्थांची अवस्था फार वाईट होती, हे लक्षात ठेवायला हवे. पण जखम खोल असली तरी घर हा त्यावरचा इलाज आहे, हे त्यातून नक्की कळते. मोठ्या मुलाला तो लागू पडायला जास्त दिवस लागतील, एवढेच.

आपल्याकडे हा मार्ग कायद्याने आखलेला आहे. बाल न्याय कायदा २०१५ नुसार दत्तक प्रक्रिया केंद्रीय दत्तक स्रोत प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या देखरेखीखाली चालते. मूल आधी दत्तकपूर्व प्रतिपालनासाठी घरी येते आणि नंतर दत्तक आदेश होतो. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ज्या मुलांना दत्तक कुटुंब मिळत नाही, त्यांच्यासाठी प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअरचा पर्याय आहे. प्रतिपालकांकडे राहिलेले मूल कायद्याने दत्तकमुक्त असेल, तर दोन वर्षांनंतर तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकते. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती.

मूल घरी आले की सुरुवात वैद्यकीय तपासणीने करावी. संस्थेकडून मिळालेला अहवाल डॉक्टरांना दाखवावा. लसीकरणाची नोंद नसेल तर लसी दिल्याच नाहीत असे समजून वयानुसार पुन्हा द्याव्यात. बहुतेक लसींचा एखादा डोस जास्त झाल्याने अपाय होत नाही. रक्तक्षय, सिकलसेल व थॅलेसेमिया, थायरॉइड, क्षयरोग, एचआयव्ही, कावीळ ब, तसेच नजर, श्रवण आणि दात यांची तपासणी करून घ्यावी. चांगले अन्न मिळू लागले की उंची-वजन झपाट्याने वाढते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र मुलींची पाळी लवकर येऊ शकते. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या मुलींच्या १९९१ मधील अभ्यासात पाळी सुरू होण्याचे मध्यक वय ११.६ वर्षे आढळले होते. म्हणून उंचीची नोंद दर सहा महिन्यांनी ठेवावी आणि आठ वर्षांच्या आत स्तनांची वाढ दिसली तर डॉक्टरांना भेटावे.

घरातले उपाय साधे आहेत, पण ते रोज करावे लागतात. जेवणाची, झोपेची, शाळेची वेळ ठरलेली असावी. खाण्याचा एक डबा मुलाच्या हाताला लागेल असा ठेवावा आणि त्यातले कधीही खायची मुभा द्यावी. डबा रिकामा होत नाही हे कळले की लपवणे आपोआप कमी होते. पहिले काही आठवडे पाहुणे, बारशासारखा समारंभ, सहली टाळाव्यात. भरवणे, न्हाऊ घालणे, झोपवणे आईवडिलांनीच करावे. मार आणि ‘परत पाठवीन’ ही धमकी, दोन्ही पूर्ण वर्ज्य. मोठ्या मुलाचे नाव त्याला न विचारता बदलू नये. अनेकदा ते एकच नाव त्याने सोबत आणलेले असते. दत्तक असल्याचे लपवू नये आणि जन्मदात्यांविषयी वाईट बोलू नये.

नातेवाइकांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही जीभ सांभाळायला हवी. ‘नशीब काढलंस गं पोरी’ हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण मुलीला ते उपकाराचे ओझे वाटते. केसपेपर लिहिताना ‘घरात कोणाला मधुमेह?’ असे विचारले जाते. दत्तक मुलाबाबत हे मुलासमोर, रांगेतल्या दहा जणांदेखत विचारू नये. ‘कौटुंबिक इतिहास उपलब्ध नाही’ एवढी नोंद पुरते. ‘खरी आई कोण?’ हा प्रश्न तर कधीच नको. जी रात्री उशाशी बसते, तीही खरीच आई असते.

आईवडिलांचेही मन सांभाळावे लागते. अनेक वर्षे वाट पाहून घरी आलेले मूल रागाने ताट भिरकावते, तेव्हा माया दाटून येतेच असे नाही. थकवा, रडू, अपराधीपणा येतो आणि नैराश्यही येऊ शकते. कोणाला सांगावे तर ‘तुम्हीच हौसेने आणलंत ना’ असे ऐकावे लागते. या कोंडमाऱ्यातच काही घरांत मूल संस्थेत परत देण्याचा विचार डोकावतो. मुलासाठी तो आणखी एक त्याग असतो आणि पुढच्या घरावर विश्वास ठेवणे त्याला अधिक अवघड जाते. म्हणून मदत हा विचार येण्याआधीच मागावी.

नियमांनुसार दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी कुटुंबाचा पाठपुरावा होतो. त्या भेटीत ‘सगळं छान आहे’ म्हणून विषय मिटवू नका. दत्तक संस्था किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे समुपदेशन मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. वाढ, बोलणे किंवा शिकण्यात अडचण असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दाखवावे. मनाचा भार वाढला तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. मूल स्वतःला इजा करत असेल, दिवसेंदिवस जेवत नसेल किंवा लैंगिक अत्याचाराच्या खुणा वागण्यात दिसत असतील, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना लगेच भेटा.

प्रगती मोजायची ती महिन्यांनी, दिवसांनी नव्हे. पडल्यावर मूल रडत तुमच्याकडेच धावले, आजारपणात तुमचाच हात मागितला, तुमच्याशी हक्काने भांडले, की समजावे, मुळे धरू लागली आहेत. अशा घराला आजूबाजूच्यांनी सल्ले कमी द्यावेत आणि एखाद्या संध्याकाळी गरम जेवणाचा डबा नेऊन द्यावा.